दहा माणसांचा डिस्ने वर्ल्डचा मुक्काम: आधी दुपारचा विचार करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणारे दोन भाऊ, दोघांच्या बायका, चार मुलं (थोरल्याची ११ आणि ८ वर्षांची, धाकट्याचं एक ४ वर्षांचं आणि एक १४ महिन्यांचं) आणि नाशिकहून तीन महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. जूनच्या शेवटी पाच रात्री फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डला जायचं आहे. बाबांचा गुडघा दुखतो, आई शाकाहारी आहेत आणि त्यांना रोज दही-भात लागतो. डिस्ने वर्ल्डजवळच्या किसिमी गावाकडे स्विमिंग पूलचं पाच बेडरूमचं घर भाड्यानं घ्यावं, डिस्नेच्याच स्वस्त हॉटेलात खोल्या घ्याव्यात की एकच मोठा व्हिला घ्यावा?

मी ऑर्लँडोत सोळा वर्षं राहते आणि त्यातली बरीच वर्षं कुटुंबांच्या अशाच सहली आखून देते. त्यात भारतातून आलेले आजी-आजोबा बरोबर असलेली घरं पुष्कळ. आधी उत्तर सांगते, कारणं मागून. तुमच्यासाठी डिस्नेच्या आर्ट ऑफ ॲनिमेशन या हॉटेलात दोन फॅमिली स्वीट. खर्च झेपत असेल तर डिस्नेच्याच ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलाच्या किदानी व्हिलेजमधला दोन बेडरूमचा व्हिला. किसिमीचं घर या वेळी नको.

घर नको म्हटल्यावर तुम्हाला आश्चर्य वाटेल. पाच बेडरूम, स्वतःचा पूल, मोठं स्वयंपाकघर आणि माणशी हिशेब केला तर बहुधा सगळ्यात स्वस्त. मीही पहिल्यांदा हाच हिशेब केला होता. सोलापूरहून सासू-सासरे आले होते, मुलगी तीन वर्षांची होती आणि पार्कपासून गाडीनं पंचवीस मिनिटांवरचं घर मी मोठ्या हौसेनं घेतलं होतं. घर उत्तम होतं, घराबद्दल काही तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मॅजिक किंगडम या डिस्ने वर्ल्डमधल्या पार्कात मुलगी माझ्या खांद्यावर झोपली, सासरे एका झाडाच्या सावलीतल्या कठड्यावर टेकले आणि त्यांनी बूट काढून पाय मोकळे केले. मी म्हटलं, "चला, घरी जाऊन पडू या." ते म्हणाले, "एवढं लांब जाऊन परत कुठं येता? तुम्ही फिरा, मी बसतो इथंच." आणि ते साडेतीन तास तिथं बसून राहिले. संध्याकाळची आतषबाजी त्यांनी पाहिलीच नाही, कारण सहा वाजता सगळ्यांनाच निघावं लागलं. तेव्हापासून मुक्काम निवडताना मी पहिला प्रश्न एकच विचारते: दुपारी एक वाजता तिथून निघालं तर किती वेळात माणूस पलंगावर आडवा होतो?

जूनअखेरीला ऑर्लँडोत दुपारी पारा ३३ अंशांच्या आसपास असतो, पण दमटपणामुळे अंगाला चाळिशीसारखा लागतो. तीन-चारच्या सुमाराला बहुतेक रोज ढग भरून येतात, विजा कडाडतात आणि तासभर धो धो पाऊस पडतो. नाशिकच्या कोरड्या हवेत राहणाऱ्या माणसाला ही हवा फार जड जाते. चौदा महिन्यांच्या बाळाची दुपारची झोप हुकली की सगळ्यांची संध्याकाळ रडण्यात जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून सकाळी लवकर जायचं, एकला परत यायचं, जेवून सगळ्यांनी वामकुक्षी घ्यायची आणि पाऊस उतरला की पाच वाजता ताजंतवानं होऊन पुन्हा निघायचं. असं वेळापत्रक ज्या मुक्कामावरून जमतं तोच चांगला मुक्काम.

आता हे घरून का जमत नाही ते नकाशावर दिसत नाही. डिस्ने वर्ल्डची जागा सुमारे शंभर चौरस किलोमीटरची आहे. १९७१ साली उघडलेल्या मॅजिक किंगडमच्या दारापर्यंत स्वतःची गाडी जातच नाही. गाडी मोठ्या वाहनतळावर लावायची, तिथून ट्रामनं किंवा चालत तिकीट केंद्रापर्यंत यायचं, मग तळं ओलांडायला फेरी बोट किंवा मोनोरेल घ्यायची. परतताना हेच उलट्या क्रमानं. घराचं अंतर गाडीनं वीस-पंचवीस मिनिटं असलं तरी एका बाजूला तास सहज जातो, सव्वा तासही लागतो. त्यात आय-४ महामार्गाची दुपारची गर्दी धरा. डिस्नेच्या हॉटेलांच्या बस मात्र मॅजिक किंगडमच्या दाराजवळच सोडतात आणि तिथूनच घेतात. मोठी तफावत इथं पडते. आणखी एक गोष्ट: फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना गाडीत योग्य सीट लागते, म्हणजे तुमच्या दोन धाकट्यांना प्रत्येक फेरीत बांधा आणि सोडा. हॉटेलच्या बसमध्ये ती कटकट नाही.

आर्ट ऑफ ॲनिमेशन मी सुचवते ते स्कायलायनरमुळे. २०१९ पासून सुरू असलेला हा रोपवे या हॉटेलाच्या आणि शेजारच्या पॉप सेंच्युरीच्या मधल्या तळ्यावरून निघतो. कॅरिबियन बीचच्या स्थानकावर बदलायचं की एक फाटा हॉलीवूड स्टुडिओजला जातो, दुसरा रिव्हिएरा हॉटेलवरून एपकॉटला. ही दोन्ही डिस्ने वर्ल्डमधलीच पार्क. एका पाळण्यात दहा माणसं बसतात, म्हणजे बाबागाडीची अडचण नसेल तर तुमचं अख्खं घर एकाच पाळण्यात. बाबागाडी असली की दोन पाळणे घ्या, पण ती घडी करावी लागत नाही. झोपलेलं बाळ तसंच आत ढकलायचं आणि हॉटेलवर तसंच बाहेर काढायचं. बाळ न उठणं किती मोलाचं असतं ते त्याच्या आईला विचारा. पाळणे स्थानकात थांबत नाहीत, हळू सरकत राहतात. बाबांना चढायची धास्ती वाटली तर तिथल्या कर्मचाऱ्याला आधी सांगा. चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी वेगळी मार्गिका असते आणि तिथं पाळणा पूर्ण थांबवतात.

त्याची एक खोट मात्र लक्षात ठेवा. जवळपास वीज चमकायला लागली की स्कायलायनर बंद होतो. म्हणजे पावसाच्या वेळेआधी परतायचं. साडेतीनपर्यंत रेंगाळलात तर बसच्या रांगेत उभं राहावं लागेल, आणि त्याच वेळी हॉटेलचे पूलही विजांमुळे बंद असतात. मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडमला या हॉटेलातून बसच आहे.

आता खोल्यांकडे येऊ. डिस्नेच्या प्रत्येक खोलीला माणसांची कमाल संख्या ठरलेली असते आणि ती आगीच्या वेळच्या सुरक्षेशी जोडलेली असल्यामुळे "लहान मूल आहे, मध्ये झोपेल" असं तिथं चालत नाही. सुटका फक्त तीन वर्षांखालच्या, पाळण्यात झोपणाऱ्या बाळाला. ते संख्येत धरत नाहीत, पाळणाही मागितला की फुकट मिळतो. (तीन वर्षांखाली पार्कचं तिकीटही लागत नाही, आणि दहा पूर्ण झाली की मोठ्यांचं तिकीट. म्हणजे तुमच्या ११ वर्षांच्या मुलाचं मोठ्यांचंच.) म्हणून तुम्ही आरक्षणाच्या हिशेबात नऊ अधिक एक आहात. साध्या खोलीत चारजण मावतात, काही मध्यम आणि महागड्या हॉटेलांत पाच. त्या हिशेबानं साध्या तीन खोल्या लागतील. त्या एकमेकींशेजारी मिळतीलच असं नाही. इथं दोन शब्द वेगळे ओळखा: शेजारची खोली म्हणजे नुसती लागून असलेली, आणि कनेक्टिंग खोली म्हणजे जिच्या मधल्या भिंतीत दार आहे. तुम्हाला दुसरी हवी असते आणि लोक फोनवर पहिली मागून बसतात.

फॅमिली स्वीटमध्ये बाळ सोडून सहाजण मावतात. जागा सुमारे ५६५ चौरस फूट, दार बंद होणारी एक बेडरूम, बाहेर बैठकीत सोफ्याचा पलंग, आणि जेवणाचं टेबल असं की ते उलगडलं की त्याचा दोघांचा पलंग होतो. मुलांना या टेबलाचं फार कौतुक. पहिल्या रात्री दोन्ही भावंडं ते चार वेळा उघडून मिटवतील, त्याला वेळ ठेवा. शिवाय दोन बाथरूम, एक बेडरूमच्या आत आणि एक बाहेर.

आणि बाथरूम हीच माझ्या हिशेबातली दुसरी मोठी गोष्ट. लोक पलंग मोजतात, मी बाथरूम मोजते. हॉटेलात राहणाऱ्यांना रोज पार्कात अर्धा तास आधी सोडतात. पार्क नऊला उघडणार असेल तर तुम्हाला साडेआठला आत जाता येतं, आणि त्या अर्ध्या तासात मोठ्या राइडच्या रांगा खरोखर लहान असतात. त्यासाठी सव्वासातला खोलीबाहेर पडायला हवं. आपल्या घरात आंघोळ झाल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही आणि आई पूजा केल्याशिवाय चहाही घेत नसतील. नऊ माणसं, माणशी बारा मिनिटं, एकच बाथरूम असेल तर पावणेदोन तास झाले. दोन स्वीट म्हणजे चार बाथरूम, अर्ध्या तासात सगळे तयार. डिस्नेच्याच फोर्ट विल्डरनेसच्या केबिन दिसायला गोड आहेत, सहा माणसांच्या आहेत, पूर्ण स्वयंपाकघर आहे, झाडीत आहेत, पण प्रत्येकीत बाथरूम एकच. चौघांच्या घराला मी त्या आनंदानं सुचवते, तुम्हाला नाही.

कुणी कुठं झोपायचं हे घरीच ठरवून या, तिथं पोचल्यावर रात्री अकराला नको. माझी सूचना: एका स्वीटमध्ये आई-बाबांना बेडरूम, थोरले भाऊ-वहिनी सोफ्यावर, ११ आणि ८ वर्षांची दोघं टेबलाच्या पलंगावर. दुसऱ्यात धाकट्या जोडप्याला आणि बाळाला बेडरूम, चार वर्षांच्या मुलाला बाहेर सोफा. असं केल्यानं बाळ आठला झोपलं तरी त्याच्या दारामागे दिवा बंद राहतो आणि बाकीचे बाहेर बोलू शकतात. बाबांना मात्र सोफ्यावर झोपवू नका. ते "मला कुठंही चालेल" म्हणतीलच, ऐकू नका. दोन्ही आरक्षणं झाली की फोन करून ती एकमेकांना जोडून घ्या आणि एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, स्कायलायनरजवळ खोल्या मागा. ही विनंती असते, हमी नसते, पण आरक्षणावर नोंदवलेली विनंती बऱ्याचदा पाळतात. आणखी एक, दहाही जणांची नावं आरक्षणात घाला. आजी-आजोबांची नावं राहून जातात आणि मग सकाळी दारात त्यांनाच अडवतात.

याच पद्धतीचे फॅमिली स्वीट ऑल-स्टार म्युझिकमध्येही आहेत, सहाजणांचे, दोन बाथरूमचे, सहसा आणखी स्वस्त. पण तिथून सगळीकडे बसच. पैसे अगदी ताणून वापरायचे असतील तर तेही वाईट नाहीत.

आता किदानी व्हिलेज. खर्च बराच वाढतो, पण ज्या घरात आजी-आजोबा दोन दिवसांत थकणार हे आधीच दिसतं, त्या घराला मी हे सांगते. दोन बेडरूमच्या व्हिलात नऊजण अधिक बाळ, म्हणजे तुम्ही अगदी नेमके बसता. बाथरूम तीन. पूर्ण स्वयंपाकघर, कपडे धुवायचं आणि वाळवायचं यंत्र व्हिलातच. आरक्षण करताना कुरणाच्या बाजूचा व्हिला मागायचा, तो महाग असतो, तरीही मागायचा. बाल्कनीत खुर्ची टाकून बसलं की समोर जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. एका आजोबांनी तिसऱ्या दिवशी पार्कला यायला चक्क नकार दिला. संध्याकाळी सगळे परत आले तेव्हा त्यांच्याकडे कागदावर नोंद होती, कुठला जिराफ किती वाजता आला आणि कुठल्या झाडाखाली उभा राहिला. नातवंडांना त्यांनी तो कागद वाचून दाखवला. त्यांच्या सहलीतला सगळ्यात आवडता दिवस तो होता. भाड्याच्या घरात एकट्या राहिलेल्या आजी-आजोबांचा दिवस असा जात नाही. गाडी मुलं घेऊन गेलेली, रस्त्यावर पायी जाण्यासारखं काही नाही आणि बाहेर ऊन, म्हणजे दिवसभर टीव्ही.

किदानीतच सनाआ नावाचं रेस्टॉरंट आहे. तिथं नान आणि वेगवेगळ्या चटण्यांचं मोठं ताट मिळतं आणि खिडकीबाहेर कुरण दिसतं. आईंना तिथं नक्की न्या. टेबलाचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, ते त्या दिवशी सकाळीच करून टाका. किदानीची उणीव म्हणजे ते एका टोकाला आहे आणि सगळीकडे बसनंच जावं लागतं. ॲनिमल किंगडम जवळ, मॅजिक किंगडम लांब. आणि नीट पाहिलं तर दोन बेडरूम म्हणजे बंद होणारी दारं दोनच, तुमच्यात जोडपी तीन. एक जोडपं पाच रात्री बैठकीत झोपणार, हे मान्य असेल तरच घ्या.

मॅजिक किंगडमला पायी जाण्याइतकं जवळ हवं असेल तर डिस्नेचंच बे लेक टॉवर. तिथंही दोन बेडरूमच्या व्हिलाला तीन बाथरूम, नऊ माणसं, आणि दारातून दारात दहा-बारा मिनिटं चालत. दुपारच्या झोपेच्या दृष्टीनं यापेक्षा चांगली जागा नाही, पण किमतीही तशाच आहेत. ओल्ड की वेस्ट प्रशस्त आहे आणि व्हिलांमध्ये सहसा परवडणारं, मात्र तिथल्या बहुतेक इमारतींना लिफ्ट नाही. बाबांच्या गुडघ्यासाठी तळमजल्याची हमी मिळाली तरच विचार करा. बारा जणांचे तीन बेडरूमचे ग्रँड व्हिला आहेत, पण त्यांचं भाडं ऐकूनच मी ते सहसा सुचवत नाही.

व्हिला स्वस्तात मिळवायचा एक मार्ग म्हणजे डिस्ने व्हेकेशन क्लबच्या, म्हणजे पॉइंट विकत घेऊन त्यावर व्हिलात राहायच्या योजनेच्या, सभासदाकडून पॉइंट भाड्यानं घेणं. सभासदाला आपल्या मूळ रिसॉर्टचं आरक्षण अकरा महिने आधी करता येतं, इतरत्र सात महिने आधी. भाडं निम्म्यापर्यंतही खाली येऊ शकतं. पण असे व्यवहार बहुधा परत न मिळणाऱ्या पैशांचे असतात. तुमच्याबरोबर भारतातून आलेले आई-बाबा आहेत. कधी तब्येत, कधी नाशिकला कुणाचं काही, आणि तारखा बदलतात. थेट डिस्नेकडे नुसत्या खोलीचं आरक्षण केलं तर आठवडाभर आधीपर्यंत रद्द करता येतं, तिकिटांसह पॅकेज घेतलं तर महिनाभर आधीपर्यंत. तुमच्या परिस्थितीत ही सोय मला त्या बचतीपेक्षा मोठी वाटते.

स्वयंपाकाबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक घरं याच कारणानं व्हिला किंवा घर घेतात. व्हिलातल्या स्वयंपाकघरात शेगडी, भांडी, ताटं सगळं असतं, कुकर नसतो. वरचा पंखा पूर्ण जोरात लावल्याशिवाय फोडणी देऊ नका. मोहरी तडतडली, हिंग-मिरची पडली की धुराचा अलार्म वाजतो आणि झोपलेली चारही पोरं एकदम उठतात. माझ्या एका कुटुंबाच्या बाबतीत हे पहाटे साडेसहाला झालं होतं. फॅमिली स्वीटमध्ये फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि कॉफीचं यंत्र असतं, शेगडी नसते आणि घरून इंडक्शन आणून लावायला परवानगी नाही. पण मनापासून सांगते, पाच रात्रींच्या सहलीत दोन्ही सुनांनी ओट्याशी उभं राहावं असं मला वाटत नाही. गरम पाणी घालून होणारे पोहे-उपमा, मायक्रोवेव्हचा भात, घरून आणलेले थेपले, लाडू, चिवडा एवढ्यावर सकाळ आणि दुपार निभते. डिस्नेच्या पार्कात घरचं खाणं नेता येतं, काचेच्या बाटल्या आणि मद्य चालत नाही. संध्याकाळचं एक जेवण बाहेर.

पैशांची तुलना करताना भाड्याच्या घराचा नुसता रात्रीचा दर पाहू नका. त्यावर सफाईचं शुल्क, कधी अनामत, आणि तिथल्या जिल्ह्याप्रमाणे साडेबारा ते साडेतेरा टक्के कर. दहा माणसांना एक मोठी व्हॅन किंवा दोन गाड्या, आणि प्रत्येक गाडीला पार्कात रोजचे तीस डॉलर किंवा त्याहून जास्त. हॉटेलात राहिलात तर हॉटेलची आणि पार्कची दोन्ही पार्किंग फुकट. विमानतळावरून हॉटेलची फुकट बस मात्र २०२२ च्या जानेवारीपासून बंद आहे, तेव्हा दहा जणांची व्हॅन आधी ठरवून या.

घर मी कधी सुचवते? मुक्काम आठ-दहा दिवसांचा असेल, मधले दोन-तीन दिवस नुसते आरामाचे असतील, एखादा दिवस केनेडी स्पेस सेंटरला जायचं असेल आणि मुलं सगळी सात वर्षांच्या वर असतील तर घरासारखी मजा नाही. रांगतं-चालतं बाळ असेल तर मी कचरते. तिथल्या बैठकीचं सरकतं काचेचं दार थेट पूलवर उघडतं. दाराला अलार्म असतो, तो वाजून वाजून त्रास देतो म्हणून कुणीतरी तो बंद करतं, आणि दहा माणसांच्या घरात बाळावर नक्की कुणाचं लक्ष आहे हे प्रत्येकाला दुसऱ्यावर ढकलता येतं. तरीही घर घेतलंत तर पूलभोवती काढता-घालता येणारं जाळीचं कुंपण आहे का हे विचारा, आणि ते लावलेलं असल्याचा फोटो मागवा. "आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका.

हॉटेलच्या खोल्या तीन वाजता मिळतात, व्हिला चारला. तुमचं विमान सकाळचं असेल तर पहिल्या दिवशी पार्कचं तिकीट वाया घालवू नका. सामान हॉटेलवर ठेवा, पोहण्याचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवा आणि मुलांना पूलवर सोडा. किराणा त्याच दिवशी संध्याकाळी घरपोच मागवा, तो तुमच्या नावानं हॉटेलवर ठेवून घेतात. त्यात साधं, गोड नसलेलं, पूर्ण दुधाचं दही आठवणीनं घाला. तिथलं बरंचसं दही व्हॅनिलाचं किंवा फळांचं असतं, आणि आईंचा पहिल्याच रात्रीचा दही-भात चुकायला नको.